रायफलची काडतुसं हाताने भरताना सातत्य कसं आणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी प्रेस (काडतूस दाबून भरायचं यंत्र), डाय (त्यात बसणारे साचे), काटा (पावडर तोलायला) हे घेतलंय, मॅन्युअल वाचलंय, थोडीफार काडतुसं भरलीयत आणि आता "एक काडतूस दुसऱ्यासारखं का वागत नाही" या प्रश्नावर अडलेत त्यांच्यासाठी हे आहे. अगदी कोऱ्या पाटीवरून सुरू करणाऱ्यांनी आधी पावडर कंपनीचं मॅन्युअल सुरुवातीपासून वाचावं, आणि आपण राहतो तिथे काडतुसं घरी भरायला कायद्याने परवानगी आहे का, कुठला परवाना लागतो, हे त्याच्याही आधी.

सातत्य सातत्य म्हणतात ते नेमकं कशाचं?

दोन गोष्टींचं. एक म्हणजे नळीतून बाहेर पडताना गोळीचा वेग, आणि दुसरं म्हणजे गोळी नळीत शिरताना दरवेळी सारखीच शिरतेय का. पहिली गोष्ट क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आकड्यात दिसते, दुसरी फक्त टार्गेटवर दिसते आणि तीही उशिरा. म्हणून सगळे वेगाच्याच मागे लागतात, आकडा मिळतो ना हातात. वेगाचा फरक सांगायला दोन आकडे वापरतात: ईएस म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातला फरक, आणि एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीच्या आजूबाजूला वेग साधारण किती पसरलाय ते.

१०० मीटरवर तर मला काहीच फरक दिसत नाही, मग वेगाची एवढी काळजी कशाला?

१०० मीटरपर्यंतच मारायचं असेल तर खरंच नको. .३०८ विन्चेस्टरचं नेहमीचं १७५ ग्रेनच्या बुलेटचं (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच, म्हणजे स्पर्धेचं, काडतूस घ्या, दोन शॉटमध्ये ५० फूट प्रति सेकंदाचा फरक पडला तरी १०० मीटरवर उभ्या दिशेत जेमतेम ३ मिलिमीटरचा फरक पडतो, तो तुमच्या श्वासात लपून जातो. हेच काडतूस १००० यार्डावर मारलं तर फक्त १० फुटांच्या फरकाला ८-९ सेंटीमीटर वरखाली होतं, आणि ५० फूट म्हणजे ४० सेंटीमीटरच्या वर. त्यामुळे आधी ठरवा की किती लांब मारायचंय. शॉर्ट रेंज बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून मारणारे) ६ पीपीसी नावाच्या काडतुसात पावडर वजन न करता मापाने टाकतात आणि तरी १०० यार्डावर एकाच भोकात पाच गोळ्या घालतात, कारण तिथे बुलेट, बॅरल आणि वारा वाचणं हेच सगळं.

५ शॉट मारले, एसडी ६ आला. झालं ना काम?

नाही हो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. ५ शॉटवरून एसडी ६ आला याचा अर्थ खरा एसडी साधारण साडेतीन ते सतरा यांमध्ये कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीचा हिशोब केला तर एवढी मोठी रेंज निघते. २० शॉट मारून ६ आला तर खरा आकडा साधारण साडेचार ते पावणेनऊ. आता बघा, लोक ५ शॉटवर एक लोड (पावडर, बुलेट वगैरेंची एक ठरलेली जुळणी) ६ आणि दुसरा १० आला म्हणून पहिला "सापडला" म्हणतात, आणि पुढच्या रविवारी तोच लोड १३ देतो, मग प्रायमरला (पावडर पेटवणारी टोपी) शिव्या, पावडरला शिव्या, हवामानाला शिव्या. काहीच बिघडलेलं नसतं, तो पहिल्यापासून ११-१२चाच लोड होता.

ईएसचं तर अजून अवघड. जितके जास्त शॉट तितका तो वाढतोच, ५ शॉटला सरासरी एसडीच्या २.३ पट आणि २० शॉटला ३.७ पट. त्यामुळे तुमचा ५ शॉटचा ईएस आणि मित्राचा २० शॉटचा ईएस शेजारी ठेवून भांडू नका. ग्रुपचंही (टार्गेटवरचा गोळ्यांचा झुबका) तेच, ३ शॉटचा ग्रुप फोटो काढायला छान, त्यावरून निर्णय घ्यायला नाही. निदान २० शॉट, जमलं तर ३०, आणि ते वेगवेगळ्या दिवशी मारले तरी चालतात, सगळे एकत्र जोडा फक्त "हा वाईट शॉट मोजायचा नाही" असं करू नका.

ओके, मग सुरुवात कुठून करू?

पुंगळीपासून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यापासून. बुलेट आणि प्रायमर तुम्ही बनवत नाही, पावडर तुम्ही बनवत नाही, फक्त पुंगळीच काय ती तुमच्या हातात घडते, दर फायरला फुगते, दर साइझिंगला (डायने परत मापात आणताना) दाबली जाते, कडक होते, लांब होते. नव्वद टक्के लोक काट्यावर पैसे खर्च करतात आणि पुंगळ्या मात्र रेंजवर सापडलेल्या मिसळीतून घेतात, हे म्हणजे आधी कळस मग पाया.

एकाच कंपनीच्या पुंगळ्या खरंच लागतात का?

हो, आणि एकाच लॉटच्या, आणि एकसारख्याच वेळा फायर झालेल्या. दोन कंपन्यांच्या पुंगळ्यांची भिंत कमीजास्त जाड असते, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात पण आतली जागा वेगळी. जागा कमी झाली की तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त. ७.६२ च्या मिलिटरी पुंगळ्या बऱ्याचदा जाड भिंतीच्या असतात, त्यात दुसऱ्या पुंगळीतला वरच्या टोकाचा लोड तसाच टाकणं म्हणजे सातत्य राहिलं बाजूला, धोका आहे. ५० किंवा १०० पुंगळ्यांचा एक डबा करा, त्यावर किती वेळा फायर झाल्या ते लिहा, आणि त्या डब्यातल्या पुंगळ्या कायम एकत्रच फिरू द्या.

पुंगळ्यांचं वजन करून गट पाडू का?

वजन म्हणजे आतली जागा नव्हे. रिमच्या खाचेत किंवा बुडाशी थोडं जास्त पितळ राहिलं तरी वजन वाढतं आणि आत काहीच बदलत नाही. शिवाय १ ग्रेन पितळ म्हणजे पाण्याच्या मापात ०.१२ ग्रेनपेक्षाही कमी जागा, आणि .३०८ च्या पुंगळीत साधारण ५६ ग्रेन पाणी मावतं. म्हणजे १ ग्रेनवर गट पाडणं हा टाइमपास आहे. अगदीच वेगळं वजन असलेल्या दोन-चार काढून टाका, त्या स्कोप झीरो करायला (नेम जुळवायला) ठेवा, बस.

साइझिंग डाय किती खाली आणायची? डब्यावर लिहिलंय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकवून वर पाव फेरा.

तसं केलं की काडतूस कुठल्याही रायफलमध्ये बसेल याची सोय होते, तुमच्या रायफलमध्ये नीट बसेल याची नाही. खांदा (पुंगळी जिथे निमुळती होते तो उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो, मग फायर होताना पुंगळी पुढे ताणली जाते, दर वेळी ताणली जाते, आणि बुडाच्या थोडं वर भिंत आतून पातळ होत जाते. शेवटी तिथेच तुटते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं, आणि आतून तपासायला जेम क्लिप सरळ करून टोक वाकवा, आत घालून भिंतीवर खालून वर ओढा, खाच लागली की ती पुंगळी टाकून द्यायची, डब्यातल्या बाकीच्याही तपासायच्या.

बरोबर पद्धत अशी की फायर झालेल्या पुंगळीचा खांदा कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायचं मापाचं साधन) मोजायचा, आणि डाय थोडी थोडी खाली आणत बोल्ट अॅक्शनसाठी (दर शॉटला बोल्ट हाताने ओढायची रायफल) १ ते २ थाउच मागे न्यायचा. १ थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. सेमी ऑटोला ३-४ थाउ ठेवा कारण तिथे बोल्ट स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवा. आणि वंगण बेताने, कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, जास्त लावलं तर खांद्यावर खड्डे पडतात.

नेक टेन्शन म्हणजे काय आणि ते मोजायचं कसं?

नेक, म्हणजे पुंगळीची मान, बुलेटला किती घट्ट धरते ते. थेट मोजता येत नाही, म्हणून लोक फरक मोजतात: भरलेल्या काडतुसाच्या नेकचा बाहेरचा व्यास ०.३३६ इंच आणि साइझ केलेल्या रिकाम्या नेकचा ०.३३४, म्हणजे २ थाउ. बोल्ट अॅक्शनला बहुतेकांचं काम २ थाउवर भागतं. बुशिंग डाय (नेकसाठी बदलता येणारी कडी असलेली) घेणार असाल तर बुशिंगचा नंबर असाच काढायचा, भरलेल्या नेकमधून २ वजा.

पण इथेच मेख आहे. २ थाउ हा आकडा सगळ्या पुंगळ्यांना सारखा आला तरी पकड सारखी असेलच असं नाही. एक नेक मऊ, एक कडक, एकीच्या आत कार्बनचा थर आहे, एक आतून कोरी पितळी, तर बुलेट बसवताना हाताला वेगवेगळं लागतं, आणि हाताला वेगळं लागलं तर पावडर पेटतानाही वेगळं लागणारच. प्रेसचा दांडा हळू ओढा, लक्ष द्या, जे काडतूस सरसर गेलं किंवा करकरत गेलं ते बाजूला ठेवा आणि त्याचा वेग वेगळा लिहा. माझं मत विचाराल तर महागड्या काट्यापेक्षा ही सवय जास्त काम करते, आणि फुकट आहे.

नेहमीच्या डायमधला एक्सपांडर बॉल (नेक आतून रुंद करणारा गोळा) बाहेर येताना नेक खेचतो, कधी वाकडी करतो. तो काढून टाकून नंतर मॅन्ड्रेल (गुळगुळीत दांडा) वरून आत ढकलला तर आतला व्यास एकसारखा होतो, जाडीतला फरक बाहेरच्या बाजूला जातो, आणि बुलेट तर आतच बसते.

अॅनीलिंग करायलाच हवं का?

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते दर वेळी वाकवलं की कडक होतं आणि साइझ केल्यावर थोडं परत उघडतं, आणि जितकं कडक तितकं जास्त उघडतं. म्हणून चार-पाच फायरिंगनंतर त्याच डायमधून वेगळी नेक निघायला लागते, पुढे चिरा पडतात. अॅनीलिंगने, म्हणजे तापवून पितळ परत मऊ करण्याने, ते घड्याळ मागे जातं. करायचं तर दर वेळी, किंवा ठराविक फायरिंगनंतर सगळ्या डब्याचं एकदम, अर्ध्यांचं केलं अर्ध्यांचं नाही असं नको, त्यापेक्षा न केलेलं बरं.

फक्त नेक आणि खांदा तापवायचा, बूड कधीच नाही. .३०८ ला कमाल प्रेशर ६२,००० पीएसआयपर्यंत धरलेलं आहे आणि ते सांभाळतं ते कडक बूड, ते मऊ झालं तर तुमच्या चेहऱ्यासमोर फाटू शकतं. रंग बघून अंदाज घेऊ नका, उजेडात लाली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तापमान दाखवणारा रंग लावून आधी चार टाकाऊ पुंगळ्यांवर टायमिंग बसवा.

पुंगळ्या आरशासारख्या चकाचक केल्या तर फायदा होतो का?

फोटोला होतो. स्टीलच्या पिनांनी पाण्यात घासलेल्या पुंगळ्यांची नेक आतून इतकी कोरडी होते की बुलेट करकरत बसते, काडतुसं बरेच महिने ठेवली तर काही वेळा चिकटूनही बसतात. नेकमध्ये थोडा कार्बन राहू द्या किंवा ग्रॅफाइटचा हात फिरवा. कोरडं टंबलिंग (पुंगळ्या भांड्यात हलवून घासणं) करत असाल तर धूळ घरात उडवू नका, प्रायमरच्या राखेत शिसं असतं, काम झालं की हात धुवा, आणि टेबलावर चहा नको.

पावडर ०.१ ग्रेनपर्यंत पुरे की एकेक दाणा मोजू?

हा सगळ्यात आवडता वाद, तर हिशोबच करू. .३०८ सारख्या काडतुसात ०.१ ग्रेन पावडर म्हणजे ढोबळमानाने ५ फुटांचा फरक. समजा तुमच्या काट्यामुळे पावडरच्या वजनात ०.०६ ग्रेनचा एसडी आहे, म्हणजे वेगात ३ फूट. आणि बाकी सगळ्याचा, म्हणजे नेक, प्रायमर, पुंगळीची जागा, यांचा मिळून १२. हे आकडे सरळ बेरीज होत नाहीत, वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ: १४४ अधिक ९ बरोबर १५३, वर्गमूळ १२.४. आता तुम्ही भरपूर पैसे घालून दाण्यापर्यंत मोजणारा काटा आणला, पावडरचा फरक शून्य झाला असं धरलं, तर एसडी १२.४ चा १२ होईल. तेवढा फरक दिसायला किती शॉट लागतील विचार करा, बॅरल संपेल. उलट तोच जुना काटा ठेवून पुंगळ्या आणि नेक नीट करून १२ चा ८ केला तर एकूण साडेआठ.

म्हणजे दाणा मोजणं चूक नाही, त्याचा नंबर शेवटचा. बाकीचं ५-६ वर आणलं असेल तर जरूर घ्या चांगला काटा.

काटा दर वेळी वेगळं दाखवतो. खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या, पंखा आणि एसी बंद, शेजारी मोबाइल किंवा ट्यूबलाइट नको, टेबल हलणारं नको. चेक वेट (अचूक वजन माहीत असलेलं माप) ठेवा, आणि ते तुमच्या चार्जच्या (एका काडतुसातली पावडर) वजनाजवळचं असावं. ट्रिकलरने (पावडर थोडी थोडी टाकणारं साधन) एकेक दाणा टाकताना स्वस्त काटे ते धरतच नाहीत, त्यांना वाटतं झीरो सरकतोय, म्हणून शेवटी पॅन उचलून परत ठेवा आणि मग आकडा वाचा. मापाने टाकणार असाल तर बॉल पावडर (गोल दाण्यांची) छान पडते, काडीसारख्या दाण्याची पावडर कापली जाते आणि माप हलतं.

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. आणि नाव सारखं दिसलं म्हणून पावडर सारखी नसते, आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचे चार्ज एकमेकांना लावायचे नाहीत.

पुंगळी किती भरलेली असावी?

अर्धवट भरलेल्या पुंगळीत पावडर कधी प्रायमरकडे सरकते कधी बुलेटकडे, आणि वेग तसा हलतो. म्हणून साधारण ९० ते १०० टक्के भरेल अशी पावडर निवडली की निम्मं काम होतं. पण मंद पावडर मॅन्युअलच्या किमान आकड्याच्याही खाली नेऊ नका, तेही धोक्याचं आहे. दाबून भरलेल्या लोडमध्ये पावडर बुलेटला हळूहळू वर ढकलते, दुसऱ्या दिवशी लांबी परत मोजा.

प्रायमरने किती फरक पडतो?

ब्रँड बदलला तर पडतो, वेगातही आणि प्रेशरमध्येही, म्हणून प्रायमर बदलला की लोड खालून परत चढवत आणायचा. बसवताना तळाला टेकेपर्यंत, बुडाच्या पातळीच्या ३ ते ५ थाउ खाली, सगळे सारखे. बोट फिरवून बघा, वर आलेला एकही नको.

सीटिंग डेप्थ (बुलेट किती आत बसली ते) मोजताना दर काडतुसाची लांबी वेगळी येते, डाय खराब आहे का?

तुम्ही टोकापासून मोजताय. होलो पॉइंट (टोकाला भोक असलेल्या) मॅच बुलेटची टोकं एका डब्यातही वाकडीतिकडी असतात, पण बुलेट नळीच्या लँडला (आतल्या उंच पट्ट्या) टोकाने लागत नाही, ओजाइव्हने (पुढच्या वक्र भागाने) लागते. कंपॅरेटर लावून बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजा, बहुतेक भानगड तिथेच मिटते. तरीही हलत असेल तर सीटिंग स्टेम (डायमधला बुलेट दाबणारा दांडा) बुलेटच्या टोकाला टेकतोय का बघा, लांब निमुळत्या बुलेटमध्ये असं होतं. टोकापासूनची लांबी फक्त मॅगझिनमध्ये बसतं का यासाठी.

थ्रोट (नळीची काडतुसापुढची सुरुवात) झिजत जातो, लँड पुढे पुढे सरकतात, म्हणून अधूनमधून परत मोजा. लँडला टेकवून भरत असाल तर प्रेशर वाढतं हे लक्षात ठेवा, आणि न फायर करता काडतूस बाहेर काढलं तर बुलेट नळीतच राहून पावडर अॅक्शनमध्ये सांडू शकते.

क्रिम्प (पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळणं) करू का?

बोल्ट अॅक्शनला, अचूक नेमासाठी, गरज नाही.

नेक टर्निंग (नेक बाहेरून तासून जाडी सारखी करणं), रनआउट (काडतुसाचा वाकडेपणा) वगैरे?

घट्ट नेकचं कस्टम चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) असेल तर टर्निंग करावंच लागतं. फॅक्टरी चेंबरमध्ये चांगल्या पुंगळ्या घेतल्या तर वेळ वाया. रनआउट ३ थाउच्या आत असेल तर झोपा निवांत.

लॅडर टेस्टमध्ये (चार्ज पायरीपायरीने वाढवत मारणं) वेगाचा सपाट भाग सापडला, तोच नोड (चार्ज थोडा बदलला तरी वेग न हलणारी जागा) ना?

एका चार्जला एक शॉट मारून जी पायरी दिसते ती बहुतेक वेळा योगायोग असतो. एसडी १० असेल तर ०.२ ग्रेनच्या अंतराने मारलेल्या शॉटमध्ये कुठेतरी दोन-तीन शेजारी सारखे येणारच, परत मारा, दुसऱ्याच ठिकाणी येतील. नोड मानणारे खूप आहेत आणि त्यातले काही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मारतात, पण तीच टेस्ट तीन वेळा करून तोच सपाट भाग तिथेच आला तरच मी मानेन. मी चार्ज प्रेशरला सुरक्षित आणि वेगाला पुरेसा असा निवडतो आणि मग त्याला हात लावत नाही.

क्रोनोग्राफ कोणता?

ऑप्टिकल असेल तर उजेड बदलला की आकडा बदलतो. बॅरलला बांधायचे मॅग्नेटिक चांगलं मोजतात पण वजनामुळे गोळीची जागा सरकवतात, म्हणून ग्रुप आणि वेग एकाच वेळी नको. रडारवाले सगळ्यात सोपे, २०२३ मध्ये गार्मिनचा तळहातावर मावणारा आल्यापासून तर वीस शॉटचा डेटा घेणं हे काही कामच राहिलं नाही.

थंडीत जमवलेला लोड उन्हाळ्यात बोल्टला जड जातोय.

थांबा आणि तो लोड मारू नका. पावडर गरम झाली की वेग आणि प्रेशर वाढतं, काही पावडरी कमी हलतात काही जास्त, आणि गरम चेंबरमध्ये काडतूस ठेवून वारा बघत बसलात तरी तेच होतं. बोल्ट जड उघडणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) चमकदार खूण, ही उशिरा येणारी लक्षणं आहेत, चपटा प्रायमर तर बिनभरवशाचा, कधी दिसतो कधी नाही. चार्ज खाली आणा. नवीन लॉटचा डबा उघडला तरी खालून चढवत यायचं, आणि डब्याचं झाकण उघडं ठेवलं तर पावडर वाळते आणि जास्त जोरात जळते, हे पण बऱ्याच "अचानक" वाढलेल्या वेगांमागचं कारण असतं.

तुमचा लोड सांगा ना.

नाही. माझं चेंबर वेगळं, थ्रोट वेगळा, पुंगळ्या वेगळ्या. पावडर कंपनीचा डेटा घ्या, त्यांच्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढा.

एसडी ७ आहे, ३० शॉटवर, तरी ग्रुप मोठाच येतो.

मग काडतूस सोडा. अॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा, स्कोपच्या रिंगा तपासा, बॅरल स्टॉकला कुठे टेकतंय का कागद सरकवून बघा. दुसरी बुलेट घेऊन बघा, काही बॅरलना काही बुलेट आवडतच नाहीत आणि पावडर कितीही हलवली तरी आवडत नाहीत. आणि तीच रायफल, तीच काडतुसं एखाद्या चांगल्या नेमबाजाच्या हातात द्या, वीस शॉट मारायला सांगा, तुम्ही स्पॉटिंग स्कोपमागे बसा.